राहता परिसर आणि आरोग्य यांचा संबंध कसा मोजावा : पुण्यासाठी एक सविस्तर मार्गदर्शक

पर्वतीच्या पायथ्याशी जनता वसाहतीतील पत्र्याच्या खोलीत काढलेला एप्रिल आणि पाषाणला झाडीतल्या बंगल्यात काढलेला एप्रिल हा एकच महिना नसतो. एकाच शहरात राहणाऱ्या माणसांच्या वाट्याला येणारी हवा, आवाज, सावली, पाणी आणि चालण्याजोगा रस्ता या गोष्टी किती वेगळ्या असतात, हे पुणेकरांना सांगावे लागत नाही. या फरकाचा प्रकृतीवर परिणाम होत असणार, असे आपण सगळेच धरून चालतो. मात्र तो किती होतो, कोणावर होतो आणि तो खरोखर परिसराचाच आहे की उत्पन्नाचा, वयाचा किंवा सवयींचा, हे मोजून दाखवायचे ठरवले की काम अवघड होत जाते.

भूगोल, समाजकार्य आणि सामाजिक वैद्यक या विषयांचे विद्यार्थी, स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते आणि मोहल्ला समित्या यांना असा अभ्यास स्वतः करता यावा, या हेतूने पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत. अशा कामाची चर्चा बहुधा उपकरणांपासून सुरू होते. कोणता सेन्सर घ्यावा, कोणते सॉफ्टवेअर वापरावे, यातच पहिल्या दोन बैठका जातात. माझ्या मते अवघड भाग तो नाहीच. मोजलेला परिसर आणि तपासलेला माणूस यांची सांगड घालणे, म्हणजे हा माणूस नेमका कुठे राहतो, किती वर्षांपासून राहतो आणि दिवसातला किती वेळ तिथे असतो हे ठरवणे, इथे बहुतेक अभ्यास कच्चे राहतात.

प्रश्न एका वाक्यात लिहा

"पुण्यातील पर्यावरणाचा आरोग्यावरील परिणाम" हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्नात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात : परिसराचा कोणता घटक, आरोग्याचे कोणते मोजमाप, कोणत्या वयाचे लोक आणि तुलना कोणाशी. उदाहरणार्थ, "सातारा रस्त्यालगतच्या सोसायट्यांमध्ये रस्त्याकडे झोपण्याची खोली असलेल्या चाळिशीपुढील रहिवाशांचा वरचा रक्तदाब त्याच सोसायट्यांतील आतल्या बाजूला झोपणाऱ्यांपेक्षा जास्त आहे का?" हा प्रश्न लहान वाटतो, पण तो सुटण्याजोगा आहे, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी मी तोच धरून चालणार आहे.

या प्रश्नाचे एक मोठे बलस्थान असे की तुलना एकाच आवारात होते. कात्रजच्या सोसायटीची तुलना औंधच्या सोसायटीशी केली, तर उत्पन्न, शिक्षण, पाणीपुरवठा, जवळचा दवाखाना असे सगळेच बदलते आणि फरक कशामुळे पडला ते सांगता येत नाही. एकाच इमारतीच्या पुढच्या आणि मागच्या बाजूच्या घरांत बांधकामाचे वय, पाणी, बाजार आणि बहुतांशी आर्थिक स्तरही सारखा असतो. बदलते ती मुख्यतः खिडकीची दिशा. रस्त्याकडच्या आणि आतल्या सदनिकांच्या भावात थोडा फरक असतो, हे खरे; पण तो मालकी, भाडे आणि खोल्यांची संख्या विचारून नोंदवता येतो.

प्रश्न ठरला की कागदावर बाणांची आकृती काढावी. आवाजाकडून झोपेकडे आणि झोपेकडून रक्तदाबाकडे एक बाण जाईल. वय, उत्पन्न, तंबाखू, वजन, मिठाचे प्रमाण, कामाचे स्वरूप यांकडूनही रक्तदाबाकडे बाण येतील, आणि त्यांपैकी उत्पन्नासारखे काही घटक "घर कुठल्या बाजूला" यावरही परिणाम करतील. दोन्हीकडे बाण जाणारे हे घटक हिशेबात घेतलेच पाहिजेत. झोप मात्र वाटेतला टप्पा आहे. तिचा परिणाम विश्लेषणात वजा केला, तर आपण जे शोधायला निघालो तेच पुसले जाते. ही आकृती पाहणी सुरू होण्यापूर्वी काढायची असते, कारण जो प्रश्न प्रश्नावलीत विचारलाच नाही, त्याचे उत्तर नंतर कुठूनही आणता येत नाही.

परिसराची हद्द कशी आखावी

सोयीची हद्द म्हणजे प्रभाग, आणि पुण्यात तीच सर्वांत फसवी आहे. महापालिकेचे प्रभाग निवडणुकीसाठी आखलेले असतात आणि निवडणुकीगणिक बदलतात. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे महापालिकेत आली, आणि पुढे फुरसुंगी व उरुळी देवाची पुन्हा वेगळी झाली. जनगणनेचे वॉर्ड तर २०११ चे आहेत. २०२१ मध्ये आलेल्या गावांची त्या वेळची लोकसंख्या शहराच्या तक्त्यात नव्हे, तर हवेली आणि मुळशी तालुक्यांच्या तक्त्यांत सापडते. खराडी, बालेवाडी किंवा वाघोलीतील आजचे रुग्ण २०११ च्या लोकसंख्येने भागले, तर जे प्रमाण येईल ते आजाराचे नसून बांधकाम व्यवसायाचे असेल.

हद्द ही घटकाप्रमाणे ठरवावी. पाण्याचा प्रश्न असेल तर एका टाकीवरून किंवा एका विहिरीवरून पाणी मिळणारा भाग हाच परिसर होय. २०२५ च्या जानेवारीत नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गुलेन-बारे सिंड्रोम (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला आणि लक्ष पिण्याच्या पाण्याकडे वळले. अशा वेळी क्षेत्रीय कार्यालयाची सरासरी पाहून काही कळत नाही. कोणत्या घरात नळाचे, कोणत्या घरात टँकरचे आणि कोणत्या घरात जारचे पाणी येते, ही यादी नकाशापेक्षा मोलाची ठरते.

प्रश्न चालण्याचा किंवा बागेचा असेल, तर घराभोवती पाचशे मीटरचे वर्तुळ काढण्याची पद्धत आहे. पुण्यात ते वर्तुळ जपून वापरावे. पाषाणची पंचवटी आणि कोथरूडचा पौड रस्ता नकाशावर शेजारी दिसतात, पण मध्ये वेताळ टेकडी आहे आणि वाहनाने जाणाऱ्याला तिला वळसा घालावा लागतो. मुठा नदी, रेल्वेमार्ग आणि बाह्यवळण महामार्ग हेही असेच अडसर आहेत. म्हणून सरळ रेषेतले अंतर न घेता रस्त्याने चालत जाण्याचे अंतर घ्यावे. ओपनस्ट्रीटमॅपवरील रस्ते क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आणून ते काढता येते. मात्र सोसायटीची बंद फाटके आणि भिंतीतून गेलेल्या पायवाटा नकाशावर नसतात, त्या एकदा पायी फिरून दुरुस्त कराव्या लागतात.

तयार नोंदींपासून सावध

महापालिकेकडे जन्ममृत्यूच्या नोंदी आहेत, दवाखान्यांच्या नोंदवह्या आहेत, साथरोगांची माहिती केंद्राच्या संगणकीय प्रणालीवर चढत असते आणि पर्यावरण सद्यस्थिती अहवालही निघतो. माहिती अधिकाराचा अर्ज करण्यापूर्वी यांपैकी कोणती नोंद आपल्या प्रश्नाला लागू पडते, हे नीट पाहावे.

मृत्यूच्या नोंदीचेच उदाहरण पाहा. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार नोंद होते ती मृत्यू जिथे घडला त्या ठिकाणी. ससून रुग्णालयात सोलापूर, सातारा, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून रुग्ण येतात आणि तिथे दगावलेल्याची नोंद पुण्यात होते. त्यामुळे नोंदींच्या जागेवरून नकाशा काढला, तर मोठ्या रुग्णालयांभोवतीचा भाग सर्वांत रोगट दिसतो. अर्जावर मृताचा कायमचा पत्ता असतो खरा, पण तो अनेकदा गावाकडचा असतो, आणि वीस वर्षे येरवड्यात राहून गेलेला माणूस कागदावर बीड जिल्ह्यातला ठरतो. कारणाच्या रकान्यात "हृदयक्रिया बंद पडल्याने" असे लिहिलेले असेल, तर मूळ आजार कोणता होता ते त्यातून समजत नाही, कारण शेवटी प्रत्येकाचीच हृदयक्रिया बंद पडते.

डेंग्यूसारख्या आजाराच्या नोंदींची अडचण वेगळी आहे. जिथे खासगी प्रयोगशाळा जास्त आणि तपासणीचा खर्च परवडणारे लोक जास्त, तिथे रुग्ण जास्त नोंदले जातात. ज्या वस्तीत ताप आला की मेडिकलमधून गोळी आणली जाते, ती वस्ती कागदावर निरोगी दिसते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली आणि तिचे आकडे दर्जेदार आहेत, पण ते जिल्हा पातळीचे आहेत. तिच्या नमुनागटांची भौगोलिक जागा मिळते, मात्र गोपनीयतेसाठी शहरी गटांची जागा मुद्दाम दोन किलोमीटरपर्यंत सरकवलेली असते. सदाशिव पेठेतून दोन किलोमीटर सरकलेले ठिकाण डेक्कनला, पर्वतीला किंवा कॅम्पाच्या हद्दीजवळ जाऊ शकते. त्यामुळे शहरांतर्गत तुलनेसाठी हे आकडे वापरू नयेत. जिल्ह्याची पार्श्वभूमी सांगण्यापुरते वापरावेत. थोडक्यात, पेठ, वस्ती किंवा सोसायटीच्या पातळीवर बोलायचे असेल, तर घरोघर जाण्याला पर्याय नाही. पुण्यात त्याची परंपरा जुनी आहे : गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली १९३६-३७ मध्ये शहराची कुटुंबवार सामाजिक-आर्थिक पाहणी केली होती.

आवाज

आपल्या उदाहरणातला मुख्य घटक आवाज असल्यामुळे त्यावर थोडे थांबू. मोबाइलवरील ॲप अंदाजापुरते ठीक असते. नोंदीसाठी मात्र अचूकतेच्या दुसऱ्या वर्गाचा (क्लास २), सरासरी काढणारा ध्वनिमापक वापरावा आणि प्रत्येक फेरीच्या आधी व नंतर तो कॅलिब्रेटरने तपासावा. मापक तिकाटण्यावर, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंचीवर आणि भिंतीपासून किमान एक मीटर दूर ठेवावा. बाल्कनी अरुंद असेल आणि हे अंतर मिळत नसेल, तर तशी नोंद करावी आणि सर्व घरांत पद्धत एकच ठेवावी.

डेसिबलची सरासरी साधी बेरीज करून काढायची नसते, हे नवख्यांकडून हमखास सुटते. अर्धा तास ६० आणि अर्धा तास ८० डेसिबल आवाज असेल, तर तासाची सरासरी ७० नव्हे, सुमारे ७७ येते. कारण हे माप लॉगॅरिथमी आहे आणि ३ डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनिऊर्जा दुप्पट. म्हणजे चौकातल्या हॉर्नचे थोडे क्षण दिवसभराच्या शांततेवर मात करतात. चांगले मापक ही ऊर्जाधारित सरासरी स्वतःच देतात.

भारतीय नियमांनुसार रहिवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते ६. झोपेचा विचार असल्यामुळे रात्रीचे मोजमाप टाळून चालणार नाही. शक्य असेल तिथे सलग २४ तास, आठवड्यातील कामाच्या एका दिवशी आणि एका रविवारी मोजावे. गणेशोत्सव, नवरात्र, दिवाळी आणि लग्नसराईतील मिरवणुकांचे दिवस वगळावेत. उत्सवातील आवाज हा महत्त्वाचा विषय आहेच, लक्ष्मी रस्त्यावरील विसर्जन मिरवणुकीत अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी तो वर्षानुवर्षे मोजत आले आहेत. पण वर्षभर उशाशी असणारा आवाज हा वेगळा प्रश्न आहे.

हवा, ऊन, झाडे आणि पदपथ

हवेसाठी प्रथम तयार केंद्रांची माहिती घ्यावी. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने उभारलेल्या सफर प्रणालीची केंद्रे शिवाजीनगर, पाषाण, कात्रज, हडपसर, लोहगाव अशा ठिकाणी आहेत आणि तासातासाचे आकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावरून उतरवता येतात. पीएम २.५, म्हणजे हवेतील अडीच मायक्रोमीटरपर्यंतचे बारीक कण, यांची भारतीय वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा ५ आहे. अहवालात कोणत्या मर्यादेशी तुलना केली ते स्पष्ट लिहावे, नाहीतर त्याच आकड्यावरून एक जण दिलासा घेतो आणि दुसरा घाबरतो.

सर्वांत जवळच्या केंद्राचा आकडा म्हणजे आपल्या घराची हवा नव्हे. पीएम २.५ शहरभर बऱ्यापैकी पसरलेले असते, पण वाहनांतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड रस्त्यापासून दीडशे ते तीनशे मीटरवर बराच उतरतो. म्हणून सोसायटीच्या दोन बाजूंची तुलना करायची असेल, तर दोन्हीकडे स्वतःची साधने लावावी लागतात. स्वस्त सेन्सर वापरणार असाल, तर ते आधी दोन आठवडे अधिकृत केंद्राशेजारी ठेवून त्यांचा फरक काढावा. पावसाळ्यात दमट हवेतले कण फुगतात आणि प्रकाशावर चालणारे हे सेन्सर धूळ नसतानाही जास्त आकडा दाखवतात. तसेही पुण्यात पावसाळ्यात हवा धुतली जाते आणि नोव्हेंबर ते जानेवारीत वरच्या उबदार हवेच्या थराखाली धूर अडकून राहतो, त्यामुळे एका ऋतूतील मोजणीवरून वर्षाविषयी बोलू नये.

घरातल्या धुराकडे दुर्लक्ष करू नये. स्वयंपाक गॅसवर होतो असे उत्तर मिळाले, तरी अंघोळीचे पाणी बंबावर किंवा दाराशी मांडलेल्या चुलीवर तापते का, हे वेगळे विचारावे. जुन्या वाड्यांत आणि अनेक वस्त्यांत पहाटेचा धूर तिथून येतो. डासांची कॉइल, उदबत्ती आणि शेजारची बेकरीची भट्टी यांचीही नोंद असावी.

उष्णतेसाठी लँडसॅट उपग्रहाची चित्रे मोफत मिळतात, पण तो पुण्यावरून सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास जातो आणि जमिनीचे, छपराचे तापमान सांगतो. माणसाला त्रास होतो तो खोलीतल्या, रात्रीही न उतरणाऱ्या उकाड्याचा. त्यामुळे एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत घरात, उन्हापासून आणि चुलीपासून दूर, दीड मीटर उंचीवर छोटा तापमान नोंदक टांगणे हेच खरे मोजमाप. पत्रा, स्लॅब, सर्वांत वरचा मजला आणि पंखा-कूलर यांची नोंद सोबत हवी.

हिरवाईसाठी सेंटिनेल-२ या उपग्रहाची दहा मीटर तपशिलाची चित्रे वापरून वनस्पती निर्देशांक काढतात : जवळच्या अवरक्त आणि लाल प्रकाशाच्या परावर्तनातील फरकाला त्यांच्या बेरजेने भागायचे. गणित सोपे आहे, अर्थ लावणे सोपे नाही. तळजाई आणि वेताळ टेकडी ऑगस्टमध्ये हिरवीगार आणि एप्रिलमध्ये पिवळी असते, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मे अशी दोन चित्रे तरी घ्यावीत. शिवाय उपग्रहाला खडकीच्या लष्करी हद्दीतली, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या आवारातली आणि सार्वजनिक बागेतली झाडे सारखीच दिसतात. जी हिरवाई डोळ्यांना दिसते आणि जिथे आजोबांना फिरायला जाता येते, अशा दोन हिरवाया वेगळ्या मोजाव्यात. महापालिकेच्या बागा सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळातच उघड्या असतात. दुपारी मोकळ्या होणाऱ्या घरकामगार बाईला तिची बाग वर्तुळात असूनही मिळत नाही.

पदपथाची पाहणी टेपने करावी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. पदपथ किती रुंद बांधला हे न मोजता खांब, विजेचे डीपी, टपऱ्या आणि लावलेल्या दुचाकी वगळून किती उरतो ते मोजावे, आणि तेही सकाळी एकदा व सायंकाळी सातनंतर एकदा.

किती लोक घ्यावेत

समजा, दोन गटांच्या वरच्या रक्तदाबात सरासरी ५ मिमीचा (पाऱ्याच्या मिलिमीटरचा) फरक असेल तर तो आपल्याला सापडला पाहिजे, आणि माणसामाणसांतील प्रमाणित विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, १८ मिमी आहे. नेहमीच्या ८० टक्के क्षमतेने (फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के सार्थता पातळीने (फरक नसताना तो दिसण्याची शक्यता) प्रत्येक गटात सुमारे २०४ लोक लागतात. संपूर्ण वस्तीची दुसऱ्या संपूर्ण वस्तीशी तुलना करणार असाल, तर शेजाऱ्यांमधील साम्यामुळे हा आकडा वाढवावा लागतो : प्रत्येक समूहातून १० जण आणि समूहांतर्गत सहसंबंध ०.०३ धरला, तर १ + ९ × ०.०३ म्हणजे १.२७ ने गुणायचे, म्हणजे सुमारे २६०. पाचात एक जण नकार देईल असे धरले तर ३२५ दारे ठोठवावी लागतात. एकाच सोसायटीतील पुढची-मागची बाजू तपासताना मात्र सोसायटीचे साम्य दोन्ही गटांत सारखेच असल्यामुळे ही वाढ लागत नाही. सुरुवातीलाच तसा प्रश्न निवडण्याचे हे आणखी एक कारण.

घरे चिठ्ठ्या टाकून निवडावीत आणि घरातील व्यक्तीही. दार उघडणाऱ्यालाच बसवले, तर नमुन्यात निवृत्त पुरुष आणि गृहिणीच भरतात. निवडलेली व्यक्ती भेटली नाही, तर वेगवेगळ्या वेळी किमान तीनदा जावे, आणि त्यातील एक भेट रविवारी असावी.

दारात गेल्यावर

पहिला प्रश्न पत्त्याचा नसावा, राहण्याच्या काळाचा असावा. पेठेतील वाड्यात चाळीस वर्षे काढलेले काका आणि अकरा महिन्यांच्या करारावर आलेला आयटीतील तरुण यांना एकाच परिसराचे रहिवासी मानले, तर परिणाम पातळ होऊन जातो. या घरात किती वर्षे, त्याआधी कुठे, झोपण्याची खोली कोणत्या बाजूला, रात्री खिडकी उघडी असते की बंद, एसी आहे का, आणि आठवड्यातील कोणते तास घराबाहेर जातात, हे प्रश्न कंटाळवाणे वाटले तरी प्रश्नावलीचा कणा तेच आहेत. हडपसरहून रोज हिंजवडीला जाणाऱ्याचा दिवस कुठल्या हवेत जातो, याचे उत्तर त्याच्या घरच्या पत्त्यावर नसते.

"तुमच्या परिसरात" असे मोघम विचारू नये. सोसायटीतला माणूस त्याचा अर्थ फाटकाच्या आतले आवार असा घेतो. "घरातून निघून दहा मिनिटांत पायी पोहोचता येईल इतका भाग" असे सांगून मग विचारावे. तंबाखूविषयी विचारताना मिश्रीचा स्वतंत्र प्रश्न ठेवावा, कारण मिश्री लावणाऱ्या अनेक मावशी तंबाखूच्या प्रश्नाला मनापासून नाही म्हणतात. व्यायामाविषयी "व्यायाम करता का" असे न विचारता पायी चालणे, जिने, धुणे-भांडी, सायकल असे मिनिटांत विचारावे. मनःस्वास्थ्यासाठी स्वतःचे प्रश्न रचण्यापेक्षा जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची स्वास्थ्य प्रश्नावली वापरावी आणि तिचा मराठी मजकूर आधी दहाबारा वेगवेगळ्या शिक्षणाच्या लोकांकडून वाचून घ्यावा.

रक्तदाब मोजण्याचे यंत्र दंडावरचे, प्रमाणित असावे आणि दंडाच्या घेराप्रमाणे पट्टा बदलावा. व्यक्ती पाच मिनिटे शांत बसलेली, पाय जमिनीला टेकलेले, पाठीला आधार आणि हात हृदयाच्या पातळीवर असावा. मधल्या काळात प्रश्न विचारू नयेत. अर्धा तास आधी चहा, तंबाखू किंवा जिना चढणे झालेले नसावे. पाहुण्याला चहा ठेवायची रीत असल्यामुळे रक्तदाब आधी घेऊन मग चहाला हो म्हणावे, म्हणजे यजमानांनीही सोबत घोटभर घेतला तरी बिघडत नाही. एकेका मिनिटाच्या अंतराने तीन वेळा मोजून पहिले माप सोडावे आणि उरलेल्या दोहोंची सरासरी घ्यावी. गोळी चालू आहे का, हे डबी पाहून लिहावे.

रक्तदाब १८०/११० किंवा त्याहून जास्त आढळला, तर ती केवळ नोंद म्हणून ठेवता येत नाही. त्याच वेळी सांगून जवळच्या दवाखान्याची चिठ्ठी द्यावी. याची व्यवस्था आधीच करून ठेवावी लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार नीतिशास्त्र समितीची मान्यता आणि मराठीतील लेखी संमती पाहणीपूर्वी घ्यावी. नाव आणि पत्ता एका वहीत, उत्तरे दुसरीकडे, आणि दोहोंना जोडणारा क्रमांक तिसऱ्या कोणाकडे.

आकडे उकलताना

संगणकावर बसण्याआधी एक साधा तक्ता करावा : पुढची बाजू, मागची बाजू, वयाचे तीन गट, स्त्री-पुरुष, आणि प्रत्येक चौकटीत किती माणसे व सरासरी रक्तदाब किती. एखाद्या चौकटीत चारच माणसे आहेत, हे इथेच दिसते. त्यानंतर समाश्रयण (रिग्रेशन, म्हणजे इतर घटक सारखे धरून एका घटकाचा संबंध काढण्याची रीत) करावे, त्यात वय, लिंग, शिक्षण, मालकी, तंबाखू आणि वजन घ्यावे आणि प्रत्येक सोसायटीला स्वतंत्र चल द्यावा. अनेक वस्त्यांची तुलना असेल, तर व्यक्ती आणि वस्ती हे स्तर वेगळे धरणारे बहुस्तरीय प्रतिमान लागते. गोळ्या घेणाऱ्यांचा रक्तदाब औषधाने उतरलेला असतो, म्हणून "१४०/९० किंवा जास्त, अथवा उपचार चालू" असा हो-नाही स्वरूपाचा निकष लावून विश्लेषण पुन्हा एकदा करावे. दोन्ही उत्तरे एकाच दिशेला गेली, तर निष्कर्षावर भरवसा वाढतो.

रस्त्याकडच्या घरात आवाज आणि धूर दोन्ही येतात, त्यामुळे आढळलेला फरक एकट्या आवाजाच्या नावावर मांडू नये. दोन्ही घटक प्रत्यक्ष मोजले असतील, तर खालच्या आणि वरच्या मजल्यांची वेगळी तुलना थोडी मदत करते. नसतील, तर "रस्त्याकडे राहण्याचा एकत्रित संबंध" असेच लिहावे. घराची निवड हाही घोळ आहे : ज्याला चालण्याची आवड आहे तो टेकडीजवळ घर शोधतो, मग टेकडीजवळचे लोक जास्त चालतात यात टेकडीचे श्रेय किती? इथे राहायला का आलात, हा एक प्रश्न विचारलेला असेल तर याचा थोडाफार अंदाज येतो. आणि प्रभागांच्या सरासऱ्यांवरून व्यक्तीविषयी बोलण्याचा मोह टाळावा. झाडे जास्त असलेल्या प्रभागात मधुमेह जास्त आढळला, तरी मधुमेह झालेले लोक झाडांजवळच राहतात असे त्यातून सिद्ध होत नाही.

समजा, फरक ३ मिमी आणि ९५ टक्के विश्वासपल्ला, म्हणजे खरा फरक बहुधा ज्या मर्यादांत असेल तो पल्ला, ०.५ ते ५.५ आला. तो तसाच लिहावा. एकाच वेळी घेतलेल्या पाहणीतून संबंध दिसतो, कारण ठरत नाही, आणि रहिवाशांच्या सभेतही हेच शब्द वापरावेत. नकाशा काढताना रुग्णांच्या घरांवर ठिपके देऊ नयेत; मजल्यांचे किंवा इमारतींचे गट करून दाखवावे आणि पाचपेक्षा कमी माणसांचा गट छापू नये.

पुण्यात रस्त्यांची कामे सतत चालू असतात, आणि अभ्यासकाला त्याचा एक उपयोग आहे. पदपथ रुंद होणार, उड्डाणपूल उभा राहणार किंवा मेट्रोची मार्गिका सुरू होणार, हे निविदेच्या वेळीच कळते. काम सुरू होण्यापूर्वी त्या रस्त्यालगतची आणि तशाच, पण काम न होणाऱ्या दुसऱ्या रस्त्यालगतची घरे मोजून ठेवली आणि काम संपल्यावर त्याच महिन्यात, त्याच यंत्रांनी, त्याच माणसांना पुन्हा तपासले, तर एकदाच केलेल्या पाहणीपेक्षा कितीतरी भक्कम पुरावा हाती येतो. त्यासाठी पहिल्या फेरीतच पुन्हा भेटण्याची संमती आणि नातेवाइकाचा एक जादा फोन नंबर घेऊन ठेवावा. भाडेकरूंपैकी बरेच जण तोवर घर बदलून गेलेले असतात. ते कुठे गेले, हेही नोंदवावे.